फेटचं समीकरण-संतुलन: दहावीच्या शिकवणीत वापरून पाहिलेलं

फेट या संकेतस्थळावर रासायनिक समीकरणं जुळवायला शिकवणारं एक सिम्युलेशन आहे. त्याबद्दल आधी व्यवहाराचं सांगते. फुकट आहे. जाहिराती नाहीत. मोबाइल नंबर मागत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘मॅडम, पाल्याच्या भवितव्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं’ असा फोन येत नाही. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून हल्ली जे काही गळ्यात मारलं जातं, त्यात एवढंही मिळणं अवघड झालंय. एवढ्यावरच निम्मे गुण द्यायला माझी हरकत नाही. उरलेल्या निम्म्यांचा हिशोब मात्र जरा किचकट आहे.

मी बार्शीत घरी शिकवणी घेते. दहावी, मराठी माध्यम, राज्य मंडळ. सतरंजी, भिंतीवरचा फळा, आणि लेकाने नवीन घेतल्यावर माझ्याकडे आलेला जुना लॅपटॉप. विज्ञान भाग १ मधला तिसरा धडा, ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’, हा मुलांची विकेट काढणारा धडा. गुरुत्वाकर्षणातली गणितं सूत्रात आकडे घालून सुटतात, आवर्तसारणी थोडीफार पाठ होते; इथे मात्र पाठांतराला काही हाताशीच लागत नाही. म्हणून मी या धड्याला फेट उघडते.

फेट म्हणजे अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प. २००२ मध्ये कार्ल वायमन यांनी सुरू केला; त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सुरुवात भौतिकशास्त्रापासून झाली, मग रसायन, गणित, जीवशास्त्र असं सगळं आलं. ब्राउझरमध्ये उघडायचं आणि पडद्यावर हलवून बघायचं, अशी ही सिम्युलेशनं. बरीचशी मराठीतही आली आहेत. यातलं एक रासायनिक समीकरणं संतुलित करण्याचं आहे, आणि हे परीक्षण तेवढ्यापुरतंच. माझ्याकडे उतरवून ठेवलेली फाइल जुनी आहे. त्यात दोन भाग आहेत, ओळख आणि खेळ. तुम्हाला नवीन आवृत्तीत मांडणी थोडी वेगळी दिसली तर गोंधळू नका.

ओळखीच्या भागात तीनच समीकरणं. अमोनिया तयार करणं, पाण्याचं विघटन, मिथेनचं ज्वलन. समीकरण खाली लिहिलेलं, प्रत्येक सूत्राच्या आधी शून्य आणि त्या शून्याला वर-खाली बाण. बाण दाबला की वरच्या चौकटीत तेवढे रेणू येऊन बसतात. हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा. दोन्ही बाजूंचे अणू जुळले की मधला बाण पिवळा होतो आणि एक हसरा चेहरा उगवतो. बस. सजावट नाही, पार्श्वसंगीत नाही, टोपी घातलेला प्रोफेसर घुबड नाही.

आता यातली खरी करामत. खालचा आकडा बदलताच येत नाही!

ज्यांनी कधी दहावीला शिकवलं नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल. सांगते. मुलांना पाण्याचं समीकरण द्या: हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. वर्गातली निम्मी मुलं विजेच्या वेगाने उजवीकडच्या ‘एच२ओ’ला शेपटीत एक दोन लावतात. झालं ‘एच२ओ२’. डावीकडे दोन-दोन, उजवीकडे दोन-दोन. हिशोब चोख! फक्त ग्लासात आता पाणी नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते. पिऊन दाखव म्हटलं की पोरं हसतात, आणि पुढच्या समीकरणात पुन्हा तेच करतात. कारण त्यांच्या लेखी पुढचा आकडा काय नि खालचा काय, दोन्ही आकडेच. पुढचा आकडा म्हणजे रेणू किती आणि खालचा म्हणजे एका रेणूत अणू किती, हे फळ्यावर दरवर्षी घसा फुटेपर्यंत सांगितलं तरी ते कानावरून जातं.

फेटमध्ये मुलाचा हात खालच्या आकड्यापर्यंत पोचतच नाही. तिथे बाणच नाही. पाण्याच्या पुढचा आकडा एकाचा दोन केला की चौकटीत दुसरा अख्खा रेणू येतो, एक लाल आणि त्याला चिकटलेले दोन पांढरे. ‘मॅडम, मला फक्त ऑक्सिजन वाढवायचाय, हे हायड्रोजन पण सोबत यायलेत,’ असं एक मुलगी वैतागून म्हणाली. मी म्हटलं, हेच तर. सुटा ऑक्सिजन मिळणार नाही, जोडीनेच घ्यावं लागेल, आणि आता तिकडचा हायड्रोजन तूच निस्तर. तिने डावीकडे हायड्रोजन दोन केला आणि चेहरा हसला. संपूर्ण धड्याचा गाभा त्या वैतागात होता. फळ्यावर मला तो वैताग आणता येत नाही, कारण खडूने काहीही लिहिता येतं.

शून्यापासून सुरुवात हीसुद्धा हुशारी आहे. वहीत आपण सहगुणक, म्हणजे तो पुढचा आकडा, न लिहिता एक धरून चालतो, त्यामुळे मुलांना पुढे ‘काहीच नाही’ असं वाटतं. इथे शून्य दिसतो, एक दिसतो, त्यातला फरक चौकटीत दिसतो. एका खोडकराने विचारलंच, दोन्हीकडे शून्य म्हणजे संतुलितच की! सिम्युलेशन त्याला हसून दाखवत नाही. मीही दाखवलं नाही.

बाजूला एक साधनांची निवड आहे: तराजू किंवा स्तंभालेख. तराजू निवडला की प्रत्येक मूलद्रव्याला स्वतंत्र तराजू मिळतो. नायट्रोजनचा वेगळा, हायड्रोजनचा वेगळा. पारडी खाली-वर होतात. दिसायला झकास, पण इथे शिक्षकाने तोंड उघडायलाच हवं, कारण हा तराजू वजन करत नाही, अणू मोजतो. मुलं ते वजनच समजतात. आम्ही मग फळ्यावर येतो. नायट्रोजन २८ ग्रॅम, हायड्रोजनचे तीन मिळून ६ ग्रॅम, अमोनिया दोन मिळून ३४. बेरीज जुळली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने अठराव्या शतकात तराजूवर जे सिद्ध केलं ते हे, आणि आपण अणू का मोजतो त्याचं कारणही हेच: अणू तेवढेच राहिले तर वजन कुठे जाईल? ही उडी सिम्युलेशन मारत नाही. तुम्ही मारलीत तर तराजू कामाचा, नाहीतर नुसतीच करमणूक. मी स्वतः स्तंभालेख लावते. त्यात मुलांचं लक्ष आकड्यांवर राहतं.

ही तीन समीकरणं निवडणाऱ्याला मी मनातून दाद देते, जरी त्याने बार्शी बघितलेली नसणार. अमोनिया म्हटलं की माझ्या वर्गातली शेतकऱ्यांची पोरं ताठ बसतात, कारण अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून युरिया होतो, आणि ४५ किलोची गोणी त्यांच्यातल्या काहींनी पाठीवर वाहिलेली असते. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा कारखाना हेच करतो. मिथेन म्हणजे गोबरगॅसमधला मुख्य वायू. पाण्याचं विघटन तर आम्ही करूनच बघतो: खायचा सोडा टाकलेलं पाणी, पेन्सिलीची शिसं, नऊ व्होल्टची बॅटरी, वर पालथ्या दोन परीक्षानळ्या. एका नळीत वायू साधारण दुप्पट जमतो. समीकरणातले दोन आणि एक हे आकडे असे डोळ्यांसमोर चढताना दिसले की बाण दाबून आलेल्या हसऱ्या चेहऱ्याला थोडं वजन येतं.

मात्र अमोनियाच्या समीकरणात मधला बाण एकाच दिशेचा आहे. प्रत्यक्षात ही अभिक्रिया उलटीही जाते. शिवाय ती व्हायला लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब लावावा लागतो. बाणावर यातलं काही नाही. स्थायू, द्रव, वायू अशा अवस्थाही लिहिलेल्या नाहीत. मंडळाच्या परीक्षेत त्या लिहाव्या लागतात, तेव्हा वहीत लगेच लिहून घ्या.

खेळाकडे वळते. तीन पातळ्या, प्रत्येकीत पाच समीकरणं. आकडे भरायचे, तपासा म्हणायचं. पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर दोन गुण, दुसऱ्यांदा आलं तर एक. चुकलं तर ‘का ते दाखवा’ असं बटण आहे, ते दाबलं की तेच स्तंभालेख किंवा तराजू समोर येतात. उत्तर फुकटात देत नाही, अणू कुठे कमी पडले ते दाखवतं. हे मला फार आवडतं. याहून आवडतं ते म्हणजे मुलाने चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन, चार पाणी असं लिहिलं तर तो चूक म्हणून झिडकारत नाही. संतुलित आहे, पण सर्वांत लहान पूर्णांकांत नाही, अशा दोन वेगळ्या ओळी येतात, एक बरोबरची आणि एक फुलीची. पेपर तपासताना इतका न्याय मोठी माणसंही करत नाहीत. वेळ मोजायचं घड्याळ आणि आवाज बंद करता येतात, बंदच करा. घड्याळ लावलं की हुशार पोर शर्यत जिंकतं आणि बाकीची खिडकीबाहेर बघायला लागतात.

तिसऱ्या पातळीपर्यंत इथेनच्या ज्वलनासारखी समीकरणं येतात, जिथे ऑक्सिजनला सात लागतात. इथे मुलांची लबाडी उघडी पडते. पहिल्या दोन पातळ्या बाण वर, बाण खाली, परत वर, असं करत निभावता येतात. डोकं न वापरता नुसत्या बोटाने! सातापर्यंत चार वेगवेगळे आकडे चाचपडत जुळवायचे म्हणजे संध्याकाळ गेली. म्हणून माझ्याकडे नियम आहे: आधी वही, मग पडदा. वहीत तक्ता आखायचा, मूलद्रव्य, डावीकडे किती, उजवीकडे किती. आकडा वहीत ठरल्यावरच लॅपटॉपला हात लावायचा. हा नियम केला नाही तर हे सिम्युलेशन अर्ध्या तासात व्हिडिओ गेम होतं, आणि घरी जाऊन मुलं सांगतात की आज समीकरणं झाली. झालेली नसतात.

इथेनचं आम्ही वहीत असं करतो. कार्बन आधी, तो दोन. मग हायड्रोजन सहा, म्हणजे पाणी तीन. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजा, चार आणि तीन, सात. डावीकडे तो जोडीने येतो, म्हणजे साडेतीन रेणू. इथे मुलं घाबरतात, खोडरबर काढतात. घाबरू नका, सगळं दुप्पट करा. दोन इथेन, सात ऑक्सिजन, चार कार्बन डायऑक्साइड, सहा पाणी. ऑक्सिजन सर्वांत शेवटी, कारण तो सुटा उभा असतो आणि त्याच्या पुढचा आकडा बदलला तरी दुसरं कोणी हलत नाही. फेटच्या बाणांना अपूर्णांक कळत नाहीत, त्यामुळे साडेतीनची ही मधली पायरी तिथे दाखवताच येत नाही. अर्धा रेणू नसतो हे खरं, पण आकडेमोडीची सोय म्हणून ती पायरी सोन्यासारखी आहे.

आता तक्रारीची मोठी बाब. या संपूर्ण सिम्युलेशनमध्ये मला धातू भेटला नाही. सोडिअम नाही, कॅल्शिअम नाही, तांबं नाही. कंस असलेलं एकही सूत्र नाही. सगळं रेणूंच्या जगातलं: अमोनिया, मिथेन, सल्फर डायऑक्साइड, फॉस्फरसची क्लोराइडं वगैरे. कारण मला समजतं, आणि ते प्रामाणिक आहे. मिठाचा सुटा रेणू नसतोच. सोडिअम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, रांगेने रचलेले असतात. दोन गोळे चिकटवून ‘हा मिठाचा रेणू’ असं दाखवणं खोटं ठरलं असतं, आणि फेटवाल्यांनी ते टाळलं. शाब्बास. पण दहावीच्या पेपरात काय येतं? सोडिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल. चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते ते समीकरण. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा. सिल्व्हर नायट्रेट आणि मीठ. तांब्यावर नायट्रिक आम्ल, तेही एकदा संहत आणि एकदा विरल, दोन्हींची उत्पादितं वेगळी आणि सहगुणक वेगळे. विरलचे तीन नि आठ तर भल्याभल्यांना रडवतात. यातलं फेट काहीही करून देत नाही.

आणि त्या समीकरणांत एक वेगळीच युक्ती लागते. सल्फेट डावीकडून उजवीकडे जसाच्या तसा गेला असेल तर त्यातला गंधक वेगळा आणि ऑक्सिजन वेगळा मोजत बसायचं नाही, अख्खा सल्फेट एक धरायचा. सोडिअम हायड्रॉक्साइडचं समीकरण असं चुटकीसरशी सुटतं: सल्फेट एक-एक, सोडिअमला दोन, मग पाणी दोन. फेटवर वाढलेली मुलं इथे प्रत्येक ऑक्सिजन बोटाने मोजत बसतात, कारण त्यांना तीच सवय लागलेली असते. ती सवय मोडायला मला परत खडू हातात घ्यावा लागतो.

याहून मोठी उणीव म्हणजे सूत्र लिहिणं यात नाहीच. प्रश्नपत्रिकेत ‘ॲल्युमिनिअम ऑक्साइड’ असं शब्दांत येतं. संयुजा (मूलद्रव्याची इतरांशी जुळायची क्षमता) तीन आणि दोन, तिरपी अदलाबदल, मग सूत्र. ते चुकलं की पुढचं संतुलन कितीही सुबक असलं तरी शून्य. फेट सूत्रं तयार हातात देतं. ज्या मुलाला संयुजा येत नाहीत त्याला हे सिम्युलेशन खोटा धीर देतं. त्याला वाटतं आपल्याला समीकरणं जमली. आधी नववीच्या संयुजा पक्क्या करा, मग इकडे या.

तांत्रिक बाजू थोडक्यात. लॅपटॉपवर उत्तम. स्वस्त मोबाइलवरही चालतं, पण आडवा धरा, बाण बारीक आहेत आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा अंगठा जाडच असतो. फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते, नेट नसताना ब्राउझरमध्ये उघडते. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइटचं जे चालतं ते बघता हा मुद्दा लहान नाही. पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅपही आहे, मला गरज वाटली नाही. शिक्षक म्हणून नोंदणी केली तर इतर शिक्षकांनी तयार केलेल्या कार्यपत्रिका मिळतात; बहुतेक इंग्रजीत, पण कल्पना उचलायला बऱ्या.

याच घरातलं एक भावंडही आहे, अभिक्रियाकारकं, उत्पादितं आणि उरलंसुरलं दाखवणारं. त्याची सुरुवात चीज सँडविचने होते. दोन पाव, एक चीज, एक सँडविच, बाकी काय उरलं? कल्पना फक्कड. माझ्या वर्गाने ती लगेच वडापाववर नेली, आणि वडे संपले तर पाव उरतो यावर पाच मिनिटं गंभीर चर्चा झाली. सहगुणक कशासाठी शिकायचे या प्रश्नाचं उत्तर तिथे जास्त चांगलं मिळतं. अकरावीला जाणाऱ्यांनी ते जरूर करावं.

आणखी दोन गोष्टींशी तुलना करते. समीकरण टाइप केलं की क्षणात संतुलित करून देणाऱ्या वेबसाइट आहेत. त्या उत्तर पडताळायला ठीक, शिकायला निरुपयोगी. दुसरी, प्लॅस्टिकच्या गोळ्या-काड्यांचा मॉडेलचा डबा. तो मात्र एका बाबतीत फेटला मात देतो. फेटच्या चौकटीत आधीचे रेणू इकडे आणि नंतरचे तिकडे, असे गुपचूप बसलेले असतात. मधे काय घडलं ते दिसत नाही. डब्यातले मिथेन आणि ऑक्सिजन मुलाला हाताने तोडावे लागतात, त्याच गोळ्या परत जोडाव्या लागतात, आणि एक लाल गोळी हातात उरली की कोणी सांगायला नको की काहीतरी राहिलं. तोटा एवढाच की डब्यात हायड्रोजन कधीच पुरेसे नसतात, आणि एखादा तरी सोफ्याखाली गेलेला असतो.

माझा क्रम आता असा बसलाय. संयुजा आणि सूत्रं फळ्यावर. मग एक तास डबा. मग फेटची ओळख, तीनही समीकरणं, सगळ्यांनी मिळून एकाच पडद्यावर. खेळाची पहिली आणि दुसरी पातळी वहीसकट. तिथे लॅपटॉप बंद, आणि धातू, कंस, सल्फेट-नायट्रेट सगळं फळ्यावर. तिसरी पातळी मी सराव परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडते, कारण तोवर मुलं ती बाण न चाचपडता सोडवतात आणि त्यांनाच त्याचं आश्चर्य वाटतं.

घरी एकटं शिकणाऱ्या मुलाच्या हातात नुसतं देणार असाल तर पाचपैकी तीन. शेजारी वही घेऊन बसणारं कोणी असेल, आई, ताई, शिकवणीवाली बाई, कोणीही, तर साडेचार. अर्धा सोडिअमसाठी कापला.